उपवास काटेकोरपणे पाळावा

माझ्या मराठीचं मला फार कौतुक होतं, हे आधीच सांगून टाकते. पुढचं सगळं त्यातून झालं.

सांगली-मिरज रस्त्यावरच्या आमच्या संशोधन केंद्रात पस्तीस शास्त्रज्ञ. त्यातले बावीस मराठी घरात जन्मलेले, आणि मराठीत एक सरळ वाक्य लिहू शकणारी मी एकटी. बाकीचे जेवणाच्या सुट्टीत मराठीत वाद घालतात, पण कागदावर मराठी लिहायची वेळ आली की सगळ्यांना एकदम फोन आठवतो. त्यामुळे २०४१च्या मार्चमध्ये रुग्णांसाठीच्या संमतिपत्राचा मसुदा नीतिसमितीपुढे आला, तेव्हा तो वाचून दाखवायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. भाषांतर यंत्राने केलं होतं. दहाव्या कलमात होतं, 'उपचारानंतर दर आठवड्याला रविवार रात्रीपासून मंगळवार सकाळपर्यंत रुग्णाने उपासमार करावी.'

समितीत एक निवृत्त न्यायाधीश होते. ते म्हणाले, "उपासमार? रुग्णालयात दुष्काळ पाडायचाय का आपल्याला?"

सगळे हसले. मीही हसले, पेन काढलं, ते दोन शब्द खोडले आणि वर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'उपवास काटेकोरपणे पाळावा. पाणी प्यायलं तरी चालेल.' न्यायाधीश म्हणाले, "हं, हे मराठी." मी घरी पोचेपर्यंत खुशीत होते.

हा उपवास कशासाठी, ते आता सांगायला हवं.

मोटर न्यूरॉनच्या आजारात स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या चेतापेशी एकेक करून मरतात. आधी बोटं जातात, मग हात, पाय, गिळणं, आणि शेवटी श्वास. पेशी मरतात याचं एक कारण म्हणजे त्यांच्यात बिघडलेल्या प्रथिनांचा कचरा साचत जातो. हा कचरा उचलणारी जनुकं प्रत्येक पेशीच्या केंद्रकात असतात, पण एरवी ती निजलेली असतात. त्यांना उठवायला एक प्रथिन बाहेरून केंद्रकात जावं लागतं. केंद्रकाच्या भिंतीला हजारभर दारं असतात आणि प्रत्येक दारावर कोणाला आत घ्यायचं याची कडक तपासणी असते. पेशीला खायला मिळत असलं की या प्रथिनावर फॉस्फेटचा शिक्का बसतो, आणि शिक्का असलेल्याला दारातून आत घेत नाहीत. पेशी उपाशी पडली की शिक्का निघतो, प्रथिन आत जातं, जनुकं उठतात आणि पेशी स्वतःचाच कचरा खाऊन साफ करते. हे काही मी शोधलेलं नाही, या शतकाच्या सुरुवातीपासून माहीत आहे.

मी काय केलं, तर या प्रथिनाची एक धट्टीकट्टी आवृत्ती तयार केली. लॅबमध्ये आम्ही तिला मुकादम म्हणायचो. मुकादमाचं जनुक पाठीच्या मणक्यातून एकदाच टोचायचं, की चेतापेशी जन्मभर मुकादम तयार करत राहतात. आठवड्यातून एकदा पेशी खरोखर उपाशी पडली, की मुकादम आत जातात, साफसफाई करून घेतात आणि तिथेच विरघळून संपतात. उपाशी पडली नाही, तर ते बाहेर साचतात, एकमेकांना चिकटतात आणि दारांमध्ये अडकून दारंच बुजवतात. मग पेशीची स्वतःची प्रथिनंही आत जाऊ शकत नाहीत. अशी पेशी औषध न दिलेल्या पेशीपेक्षा लवकर मरते. आणि एकदा टोचलेलं जनुक परत काढून घेता येत नाही.

हे सगळं आम्हाला उंदरांवरून पक्कं माहीत होतं. उंदीर छत्तीस तास उपाशी ठेवले की ते उपाशीच राहायचे. त्यांना काही करून घालणारं घरात कोणी नव्हतं.

माझ्या बहिणीला हा आजार झाल्याचं कळलं ते संमतिपत्राच्या आदल्या वर्षी. गौतमी तिचं नाव, मी अक्का म्हणते. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. मिरजेत मार्केटामागे तिचं ब्लाऊज शिवायचं दुकान होतं, आणि गिऱ्हाईक पायऱ्या चढत असतानाच तिला त्याचं माप कळायचं, टेप नुसता रीत म्हणून लावायची. एक दिवस कात्री हातातून पडली. महिन्यात पाच-सहा वेळा पडली, तेव्हा तिने मला फोन करून सांगितलं, "शरू, माझ्या अंगठ्याला काहीतरी झालंय." मी अंगठा पाहिला आणि मला कळलं. तिला सांगायला मी दोन आठवडे लावले.

चोवीस रुग्ण घ्यायचे ठरले होते. सोळा जणांना मुकादम, आठ जणांना नुसतं सलाईनचं पाणी, म्हणजे तुलना करता येते. कोणाला काय मिळणार ते संगणकाच्या सोडतीवर. रुग्णाला माहीत नाही, डॉक्टरला माहीत नाही, मलाही नाही. रुग्णालयाने अक्काला घेतलं तेव्हा माझ्याकडून एक कागद सही करून घेतला, की अभ्यास संपेपर्यंत मी तिला उपचारांबद्दल काहीही विचारणार नाही आणि तिच्या नोंदी बघणार नाही. नियम बरोबर होता. मला आजही तो बरोबरच वाटतो.

जूनमध्ये इंजेक्शनं दिली. ऑगस्टमध्ये एका सोमवारी मला सुट्टी होती, म्हणून मी मिरजेला गेले.

दार दाजींनी उघडलं. दाजी म्हणजे अक्काचे यजमान, रणजित खराडे. महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात चावीवाले, म्हणजे कुठल्या गल्लीला किती वाजता पाणी सोडायचं ते त्यांच्या हातात. पहाटेची ड्यूटी करून दहाला घरी यायचे. लग्नानंतर वीस वर्षांत या माणसाने चहासुद्धा केला नव्हता. अक्काचे हात गेले तसा तो फोनवर बघून बघून स्वयंपाक शिकला.

"आलीस व्हय शरू? बस, गरम आहे तोवर खाऊन घे," ते म्हणाले आणि माझ्यापुढे साबुदाण्याच्या खिचडीची ताटली ठेवली.

अक्का खुर्चीत होती. तेव्हा तिला अजून बोलता यायचं, जड जिभेने. दाजी तिला चमच्याने भरवत होते. साबुदाणा नेहमीपेक्षा दुप्पट वेळ भिजवलेला, दाण्याचं कूट वस्त्रगाळ, तूप भरपूर, कुठे घशाला चिकटू नये म्हणून. एक घास, मग पाण्याचा घोट, मग दाजी तिच्या गळ्याकडे बघत थांबायचे. घास खाली उतरला की दुसरा.

"कोथिंबीर नाही घातली," दाजी मला म्हणाले. "दवाखान्यात फोन करून विचारलं मी. फॉर्मवर लिहिलंय ना, काटेकोर. मग आपण काटेकोरच करायचं. सैंधव वापरतोय, बघ."

"तुझं मराठी... छान आहे," अक्का म्हणाली. "फॉर्म वाचला. कळतं सगळं."

मी खिचडी खाल्ली. उत्तम झाली होती. मी आणखी मागून घेतली.

यावर कोणाचा विश्वास बसत नाही, पण माझ्या डोक्यात काही म्हणजे काही वाजलं नाही. माझ्या डोक्यात दोन कप्पे होते. एका कप्प्यात उपाशी पेशी, शिक्का, दारं, छत्तीस तास. दुसऱ्या कप्प्यात सोमवार, आईच्या हातची खिचडी, वरीचा भात, दाण्याची आमटी. दोन्ही कप्प्यांवर चिठ्ठी एकच होती आणि ती मीच लावली होती. एखादा जर्मन शास्त्रज्ञ त्या स्वयंपाकघरात बसला असता तर त्याने विचारलं असतं, की आज तर हिला काही खायचं नाही ना, मग हे काय चाललंय? मला तो प्रश्न पडायला मी मराठी नसायला हवं होतं.

दर बुधवारी रुग्णांचं रक्त तपासलं जायचं. उपवासाच्या दिवशी आजारी माणसाला प्रवास नको, म्हणून सोमवार टाळून बुधवार ठेवला होता. ती सूचनाही माझीच, आणि बुधवारपर्यंत रक्तात सोमवारचा मागमूस उरायचा नाही. बाकी उपवासाची नोंद म्हणजे फोनवर एक प्रश्न यायचा, या सोमवारी उपवास केला का? चोवीस घरांतून दर आठवड्याला चोवीस वेळा 'होय' यायचं. कोणीही खोटं बोलत नव्हतं.

२०४२च्या एप्रिलमध्ये देखरेख समितीने अभ्यास थांबवला आणि गुप्त यादी उघडली. मुकादम मिळालेल्या सोळांपैकी तिघं सुधारत होते. नुसते टिकून नव्हते, सुधारत होते, आणि या आजारात असं आजवर कोणी पाहिलं नव्हतं. उरलेले तेरा जण पाणी मिळालेल्या आठ जणांपेक्षा दुप्पट वेगाने घसरत होते. चार जण गेले होते. मी यादीत अक्काचा क्रमांक शोधला. तिला मुकादम मिळाला होता. ती तेरांमध्ये होती.

तोपर्यंत तिचे फक्त डोळे आणि थोडी मान हलत होती. तिला डोळ्यांच्या हालचालीवर चालणारा चष्मा दिला होता. ती अक्षरं बघायची आणि चष्मा तिच्याच आवाजात बोलायचा. आवाज तिच्या दुकानातल्या जुन्या रेकॉर्डिंगवरून बनवला होता, त्यामुळे तिने कितीही हळवं काही म्हटलं तरी ते गिऱ्हाइकाला 'शुक्रवारी या' सांगितल्यासारखं खणखणीत निघायचं. दाजी त्यावर हसायचे. मग आत जाऊन तोंड धुवून यायचे.

मी कारण शोधायला लागले. त्या तिघांमध्ये असं काय आहे जे तेरांमध्ये नाही? तिघांची नावं बघितली तर तिघंही जैन, आसपासच्या गावांतले, शेतीभाती असलेल्या घरांतले. मला वाटलं, सापडलं. एकाच समाजात पिढ्यान् पिढ्या लग्नं झाली की एखादं जनुक सगळ्यांत सारखं सापडतं. मी तिघांचा सगळा जनुकसंच काढला आणि अडीच महिने त्यात डोकं घालून बसले. आणि मिळालंही. केंद्रकाच्या दारावरच्या एका प्रथिनाच्या जनुकात तिघांतही एकच छोटा बदल होता, आणि तेरांपैकी कोणातच नव्हता. मी शोधनिबंध लिहायला घेतला. बहीण मरत असताना मला त्या दिवसांत आनंद झाला होता. हे लाजिरवाणं आहे, पण खरं आहे.

निबंधासाठी ताजं रक्त हवं होतं. म्हणून जुलैमध्ये मी त्या तिघांपैकी एकाच्या, बाळगोंडा मगदुमांच्या घरी गेले. जयसिंगपूरजवळ त्यांचं गाव. बासष्ट वर्षांचे, आयुष्यभर लेथवर काम केलेले. मी पोचले तेव्हा ते सोप्यात बसून शर्टाची बटणं लावत होते. वर्षापूर्वी त्यांना पेन धरता येत नव्हतं. मी सुई काढायची सोडून त्यांची बोटं बघत राहिले.

"बगा की," ते म्हणाले. "पाच बटनं. पयल्यांदा नात लावायची, आता मी लावतो."

"औषध चांगलं लागू पडलं तुम्हाला."

"औषध हायच. पन मी म्हंतो, उपवासाचा गुन हाय. माजी बायको वर्षाला पर्युषणात करायची, मी आपला पळायचो. आता ह्या वयात दर सोमवारी करतोय. पयले चार सोमवार लई जड गेले. चक्कर यायची."

"चक्कर?" मी विचारलं. इतक्या महिन्यांत चक्कर आल्याची एकही नोंद मी पाहिली नव्हती.

"येनारच की बाई. ऐतवारी सूर्य मावळायच्या आत जेवायचं, ते थेट मंगळवारी सूर्य उगवल्यावर. मदी निस्तं उकळल्यालं पानी."

"फळं? दूध?"

"फळ खाल्ल्यावर त्याला उपवास कसं म्हनायचं?" ते हसले. "तुमच्यात चालतंय म्हनं खिचडी-बिचडी. आमच्या नातीची मैत्रीन हाय, तिचा चतुर्थीला उपवास असतोय. त्या दिवशी तिचा डबा खायला वर्गातल्या समद्या पोरी टपून बसत्यात."

आत नात खुदकन हसल्याचं ऐकू आलं. मी सुई पिशवीत ठेवली, पाणी प्यायले आणि रक्त न घेताच उठले. दारावरच्या प्रथिनातला तो बदल त्यांच्या समाजात निम्म्या लोकांना असेल. त्याचा कशाशीच संबंध नव्हता.

तिथून मी थेट रुग्णालयात गेले आणि मदतकक्षाच्या फोनच्या नोंदी मागितल्या. दहा महिन्यांत त्या तेरा घरांतून दोनशेबारा फोन आले होते. संगणकाने ते सगळे एका शीर्षकाखाली टाकले होते, 'आहारविषयक किरकोळ शंका'. म्हणून ते वर कोणाकडे गेलेच नव्हते.

मी एकेक वाचत गेले. उपवासाला जिरं चालतं का. वरीचे तांदूळ मिक्सरमधून काढून दिले तर चालतील का, पेशंटला गिळता येत नाही. राजगिऱ्याची खीर पातळ करून नळीतून देता येईल का. बटाटा उकडून द्यावा की तुपावर परतून, ताकद कशाने येईल. आमच्या पेशंटला उपवास सोसत नाही, वजन उतरतंय, तर शिंगाड्याचा शिरा दोनदा दिला तर उपवास मोडेल का. फोन घेणाऱ्या सिस्टरने प्रत्येकाला मनापासून उत्तर दिलं होतं. 'चालेल.' 'जिरं चालतं.' 'शिरा दोनदा दिला तरी चालेल, पण उपवासाच्याच पदार्थांचा असावा.' एक फोन अक्काच्या घरचा होता. 'कोथिंबीर चालते का?' उत्तर होतं, 'काही जणांत चालते. पण काटेकोर म्हटलंय, तर नका घालू.'

तेरा घरं. प्रत्येकाने आपलं माणूस वाचावं म्हणून दर सोमवारी नीट पाळून, घोटून, गाळून, प्रेमाने भरवलं होतं. मी त्या खोलीत टेबलावर डोकं ठेवून रडले. सिस्टर चहा घेऊन आली आणि विचारायला लागली, "मॅडम, माझं काही चुकलं का?" तिला मी नाही म्हटलं. ते एक उत्तर मला त्या दिवशी खरं देता आलं.

संचालकांना मी त्याच संध्याकाळी सगळं लिहून दिलं आणि राजीनामाही जोडला. मुकादम मिळालेल्यांपैकी हयात बारा जणांना नवीन पत्र जायचं ठरलं, त्यात आता 'अन्नाचा कणही घेऊ नये' असं यंत्रानेसुद्धा चुकू नये इतकं साफ लिहिलं. पण तोवर साचलेले मुकादम दारांत घट्ट बसले होते. आता उपाशी राहिलं तरी बुजलेली दारं उघडत नाहीत, एवढंच की आणखी बुजत नाहीत. अक्काचं वजन एकतीस किलो होतं. तिला एक वेळ उपाशी ठेवलं असतं तरी ती गेली असती.

पत्रं टपालात पडायच्या आधी मी अक्काकडे गेले. सकाळी नऊची वेळ, दाजी ड्यूटीवर होते. अक्काजवळ बसलेल्या शेजारच्या बाई मला बघून घरी गेल्या. मी तिच्या समोर स्टूल घेऊन बसले आणि सगळं सांगितलं. उपासमार, न्यायाधीश, माझं पेन, मगदुमांची बटणं. तिने मध्ये एकदाही डोळे मिटले नाहीत. मग तिने चष्म्याचा आवाज बंद केला. तिचं बोलणं चष्म्याला जोडलेल्या समोरच्या छोट्या पाटीवर अक्षरांत उमटायला लागलं.

'आता काही होईल?'

"नाही, अक्का."

'नक्की?'

"नक्की."

मग आलं, 'यांना कळलंय?'

"अजून नाही. पत्र येईल. आणि पेपरात येईलच."

'चाळीस सोमवार केली त्यांनी खिचडी.'

"माझ्या शब्दामुळे केली."

'शब्द तुझा. हात त्यांचे. त्यांना हातच दिसणार.'

दाजी कसे आहेत ते मला माहीत होतं. दुसऱ्या गल्लीत एकदा पाणी गढूळ गेलं, तर हा माणूस दोन महिने त्या गल्लीतून जायचं टाळत होता.

'पाणी किती जणांना दिलं होतं?' अक्काने विचारलं.

"आठ."

'मी नववी. त्यांना सांग, मला पाणी मिळालं. मग खिचडीचा काही संबंध राहत नाही.'

"अक्का, ते मला कधी माफ करणार नाहीत. औषध माझं, आणि माझ्याच बहिणीला मी नुसतं पाणी दिलं म्हणतील."

'म्हणतील.'

मी वाट बघत होते की ती काहीतरी मऊ लिहील, की शरू, मला माहीत आहे, वगैरे. तिने लिहिलं, 'ते एकटे राहणार आहेत. तुला तुझी माणसं आहेत. ऐक माझं.'

मी ऐकलं. वीस वर्षांच्या नोकरीत मी एकच खोटा कागद तयार केला. पाणी मिळालेल्या आठ जणांना जाणाऱ्या पत्राचा नमुना घेतला आणि त्यावर अक्काचं नाव घातलं. केंद्राच्या खऱ्या नोंदीला हात लावला नाही. तिच्या घरी जायचं खरं पत्र मात्र टपालातून काढून घेतलं.

चार दिवसांनी ते पत्र घेऊन मी गेले, तेव्हा दाजी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभे होते. गॅस बंद. ओट्यावर काही मांडलेलं नव्हतं. समोर पेपर होता, आणि त्यात आमच्या अभ्यासाची बातमी होती. 'उपवास' या शब्दाचा घोटाळा कसा झाला ते पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं. त्यांनी तो परिच्छेद किती वेळा वाचला होता कोण जाणे. दाढी वाढली होती. मला बघून ते बस म्हणाले नाहीत.

"शरू," ते म्हणाले, "हे वाचलं मी. म्हणजे मी तिला..." त्यांनी दोन्ही हात पुढे धरले होते, काहीतरी दाखवायला आणल्यासारखे.

"तुमचा संबंध नाही दाजी," मी म्हटलं. "ते औषध मिळालेल्यांचं आहे. अक्काला औषध मिळालंच नव्हतं. तिला सोडतीत पाणी आलं होतं. हे पत्र."

त्यांनी पत्र घेतलं. दोनदा वाचलं. मग खाली स्टुलावर बसले, आणि त्यांच्या छातीतून असा काही श्वास बाहेर आला, की तो किती दिवस आत धरून ठेवला होता ते मला कळलं. डोळे मिटून ते तसेच बसून राहिले. मला वाटलं, झालं. अक्काचं काम झालं.

मग त्यांनी डोळे उघडले.

"पाणी होतं?"

"हो."

"सलाईनचं."

"हो, दाजी."

"पाठीत एवढी मोठी सुई घातली तिच्या. ओरडली होती. मी बाहेर उभा होतो. आणि तीन माणसं बरी व्हायला लागली म्हणून लिहिलंय ह्यात. बटणं लावतात म्हणून लिहिलंय."

"हो."

"हे औषध तूच काढलेलं ना?"

"मीच."

"कळलं कधी तुला, तिला पाणी दिलंय ते?"

खरं उत्तर द्यायचं तर मला कधीच तसं काही कळलं नव्हतं. मी म्हटलं, "एप्रिलमध्ये."

"एप्रिल," ते म्हणाले. "आता जुलै संपला. एप्रिलमध्ये ती मान हलवत होती. तेव्हा खरं औषध टोचता आलं असतं की. बाकीच्यांना आता सांगून उपाशी ठेवताय, तसं तिलाही आम्ही ठेवलं असतं. मी ठेवलं असतं. मला जमलं असतं ते."

ते बोलत होते ते सगळं त्यांच्या बाजूने बरोबर होतं, आणि त्याला उत्तर एकच होतं, आणि ते देण्यासाठी मी आले नव्हते.

"सख्खी बहीण आहे ती तुझी," दाजी म्हणाले. आवाज अजिबात चढवला नव्हता. त्यांनी पत्राची घडी घातली, खिशात ठेवली आणि उठून बाहेरचं दार उघडून धरलं. आत अक्काच्या खोलीतून काही आवाज आला नाही. तिला सगळं ऐकू जात होतं.

"तुम्ही या आता, डॉक्टरबाई," ते म्हणाले. "ती असेपर्यंत इथं येऊ नका. नंतरही यायची तसदी घेऊ नका."

लग्नात मी त्यांची चप्पल लपवली होती तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. तेव्हापासून ते मला तू म्हणायचे. मी चप्पल घातली आणि निघाले.

अक्का त्यानंतर पाच आठवडे जगली. गेल्याचं मला तिसऱ्या दिवशी कळलं, तेही रुग्णालयाच्या यादीतून. दहाव्याला गेले नाही. त्यांच्या शेजारच्या त्या बाई म्हणजे अक्काची जुनी गिऱ्हाईक. अधूनमधून मी त्यांना फोन करते आणि दाजींचं विचारते. त्या सांगतात, बरे आहेत, ड्यूटीवर जातात, स्वतःपुरतं करून जेवतात. तुमचं नाव काढलेलं खपत नाही त्यांना. बाकी झोप लागते म्हणे व्यवस्थित.